स्पर्धा-चौकशीतील स्वतःविरुद्ध साक्ष

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद २०(३) नुसार, अपराधाचा आरोप असलेल्या व्यक्तीवर स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येत नाही. स्पर्धा अधिनियम, २००२ खालील चौकशीत मात्र हे संरक्षण जवळपास लागूच होत नाही. संगनमताने भाव ठरवणे, बाजार वाटून घेणे यांना हा कायदा अपराध म्हणत नाही. ते उल्लंघन, आणि त्यावर शास्ती. जबाबासाठी बोलावलेला व्यापारी त्यामुळे ‘आरोपी’ ठरत नाही.

बडोद्यातील औषधविक्रेत्यांच्या संघटनेचे प्रकरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. औषध कंपनीला नवा स्टॉकिस्ट (घाऊक विक्रेता) नेमायचा तर आधी संघटनेची एनओसी (ना-हरकत पत्र) हवी, या प्रथेविरुद्धची तक्रार १९६९ च्या जुन्या मक्तेदारी कायद्याखाली झाली होती. तो कायदा गेल्यावर ती भारतीय स्पर्धा आयोगाकडे आली आणि सप्टेंबर २०१२ मध्ये आयोगाने संघटनेला दोषी धरून दंड केला. अशा चौकशीत आयोगासाठी तपास करणाऱ्या महासंचालकांच्या कार्यालयाची नोटीस येते. सभांची इतिवृत्ते, कंपन्यांशी झालेला पत्रव्यवहार, उलाढालीचे आकडे मागवले जातात. मग पदाधिकाऱ्याला शपथेवर बसवून विचारले जाते, हा ठराव कोणी मांडला, अनुमोदन कोणाचे होते? दांडिया बाजारातल्या एखाद्या घाऊक विक्रेत्याने ‘सांगत नाही’ म्हटले, तर कलम ४३ प्रमाणे दिवसाला १ लाख रुपयांपर्यंत, कमाल १ कोटी, अशी शास्ती होऊ शकते. सांगितले, तर तोच जबाब त्याच्या संघटनेवर आणि उल्लंघनासाठी पदाधिकाऱ्यांनाही जबाबदार धरणाऱ्या कलम ४८ मुळे त्याच्या स्वतःवरही उलटू शकतो.

या अधिकाराचे मूळ कंपनी कायद्यात आहे. स्पर्धा अधिनियमाच्या कलम ४१ ने महासंचालकांना १९५६ च्या कंपनी कायद्यातील कलम २४० चे अधिकार दिले होते. शपथेवर घेतलेल्या जबाबाचे टिपण त्या व्यक्तीविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येईल, असे त्या कलमात स्पष्ट लिहिलेले होते. ते अनुच्छेद २०(३) च्या विरुद्ध आहे, हा युक्तिवाद नारायणलाल बन्सीलाल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६० मध्येच फेटाळला. औपचारिक आरोप नाही, म्हणून संरक्षणही नाही, असा तो निकाल. याउलट १९६४ मध्ये गुजरातमधील एका सावकाराच्या खटल्यात, आरोपीला त्याची हिशेबाची पुस्तके हजर करण्याचा हुकूम देता येत नाही, असे त्याच न्यायालयाने ठरवले. आरोपी सावकार वह्या घरी ठेवू शकतो, आरोप नसलेल्या औषधविक्रेत्याला त्या द्याव्या लागतात. ही विसंगती सहज पचणारी नाही. छाप्यात सापडलेले कागद मात्र दोघांच्याही हातून जातात. झडती आणि जप्ती म्हणजे साक्षीची सक्ती नव्हे, हे १९५४ च्या एम. पी. शर्मा खटल्यापासून ठरलेले आहे.

युरोपात वाट निराळी निघाली. ऑर्केम खटल्यात (१९८९) तेथील न्यायालयाने म्हटले की, कंपनीने कागदपत्रे द्यायचीच, पण उल्लंघनाची कबुली ठरेल असे उत्तर तिच्याकडून वदवून घेता येणार नाही. भारतात कबुलीला उलट बक्षीस आहे. कलम ४६ खाली संगनमताची माहिती सर्वांत आधी देणाऱ्याला दंडात १०० टक्क्यांपर्यंत सूट मिळू शकते. कबुली स्वेच्छेची असते, हे खरे. पण एकीकडे शपथेवरची चौकशी आणि दुसरीकडे सवलतीची रांग असताना स्वेच्छा कितपत उरते?

न्यायालयांनी ‘आरोपी’ या शब्दापाशी रेघ ओढल्यावर ती सरकवण्याचे काम संसदेचेच उरते. तशी संधी आलीही. ऑगस्ट २०२२ मध्ये मांडलेले स्पर्धा अधिनियमाचे दुरुस्ती विधेयक जयंत सिन्हा यांच्या अध्यक्षतेखालील अर्थविषयक स्थायी समितीकडे गेले आणि डिसेंबरमध्ये समितीने अहवाल दिला. सभागृहांनी मात्र कलमे तपासलीच नाहीत: २९ मार्च २०२३ रोजी लोकसभेने आणि ३ एप्रिलला राज्यसभेने ते गदारोळात मंजूर केले. या दुरुस्तीने शास्तीचा हिशेब जागतिक उलाढालीवर नेला आणि महासंचालकांचे अधिकार कलम ४१ मध्येच सविस्तर लिहिले. शपथेवर तपासता येणाऱ्या ‘एजंट’च्या व्याख्येत बँकर आणि लेखापरीक्षकांबरोबर कायदेविषयक सल्लागारही बसवले आहेत. पक्षकार आणि वकील यांच्यातील गोपनीयतेला पुरावा कायद्याने दिलेले संरक्षण या तरतुदीपुढे कितपत टिकते, हा वाद त्यामुळे उभा राहिला आहे.