एकतीस मिलिमीटरची तार

गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी भाच्याची रिमोटची गाडी घेऊन शिवाजी पार्कवर गेलो होतो. खऱ्या गाडीच्या एकदशांश आकाराची, सुटे भाग आणून त्याने स्वतः जोडलेली. क्रिकेटचे डाव मांडले जायच्या आधीची वेळ, मैदान मोकळं. तरी पस्तीसेक पावलांपलीकडे गेली की गाडी आचके देऊन थांबायची. आम्ही दोन पावलं पुढे सरकलो की पुन्हा धावायची.

"मामा, जास्त पॉवरचा रिमोट घेऊ या ना. लॅमिंग्टन रोडला मिळेल."

मी गाडीची बॉडी काढून आत पाहिलं. रिसीव्हरमधून निघालेली बारीक काळी वायर त्याने नीट दुमडून कार्बन फायबरच्या चासीला टेपने चिकटवली होती, मोटरच्या वायरींना अगदी खेटून. वायर ज्यात उभी राहते ती प्लॅस्टिकची नळी त्याने काढूनच टाकली होती. ती असली की गाडी खेळण्यातली वाटते, असं त्याचं म्हणणं.

या काळ्या वायरीत लक्ष द्यायची जागा एकच, तिचं टोक. आजचे बहुतेक रिमोट २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, म्हणजे सेकंदाला २४० कोटी कंपनं. रेडिओलहर सेकंदाला साधारण ३० कोटी मीटर जाते. भागाकार केला की एका लहरीची लांबी निघते १२.५ सेंटिमीटर. अँटेनाला त्याचा चौथा हिस्सा पुरतो, ३१ मिलिमीटर. वायरीच्या टोकाला जाळीचं आवरण सोललेला जो तुकडा असतो, तेवढाच खरा अँटेना. मागची लांब वायर म्हणजे त्याने पकडलेला संकेत रिसीव्हरपर्यंत पोचवणारी वाट. ती वाट वळवली तरी फारसं बिघडत नाही. टोकाचा तुकडा मात्र सरळ आणि मोकळा हवा. कार्बन फायबर विजेचा वाहक असतो, त्यामुळे त्याला चिकटलेला अँटेना जवळजवळ मुका होतो.

हा तुकडा तुटला तर जास्त लांब वायर जोडून 'रेंज वाढवायला' जाऊ नये. लांबी लहरीशी जुळली नाही तर संकेत उलट कमीच मिळतो. माझ्या पिढीला आठवत असेल, २७ मेगाहर्ट्झच्या गाड्यांच्या रिमोटला लांबलचक काठी ओढून काढावी लागायची. तिथे चौथा हिस्सा पावणेतीन मीटरचा होतो, म्हणून ती काठीसुद्धा खरं तर आखूडच होती. तेव्हा दोन मुलांच्या रिमोटमध्ये फ्रीक्वेन्सी ठरवणारा क्रिस्टल एकाच रंगाचा निघाला की याने स्टिअरिंग फिरवलं आणि त्याची गाडी वळली, असं व्हायचं. आता पार्कच्या चारही बाजूंच्या इमारतींत घरोघरी वायफाय असूनही आमची गाडी तिसऱ्या कुणाचं ऐकत नाही. आपल्या जोडीदार रिमोटची ओळख तिच्या रिसीव्हरला पक्की असते आणि दोघं मिळून सतत फ्रीक्वेन्सी बदलत राहतात. या उड्या मारण्याच्या कल्पनेचं एक पेटंट १९४२चं आहे. अभिनेत्री हेडी लमार आणि संगीतकार जॉर्ज अँथाईल यांचं, रेडिओवर चालणाऱ्या पाणतीराचा संकेत शत्रूला अडवता येऊ नये म्हणून. एका चित्रपट अभिनेत्रीने पाणतीराचा इतका खोल विचार केला होता, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

आता पॉवरचं बघू. रिमोटमधून १०० मिलिवॉट निघतात असं धरा. मोकळ्या हवेत, मध्ये काहीही नसताना, १०० मीटरवरच्या साध्या अँटेनाला त्यातला दहा कोटींतला एक भाग मिळतो. ऐकायला नगण्य, पण रिसीव्हरला याच्या हजारपट क्षीण संकेतही समजतो. म्हणजे गाठीशी शिल्लक भरपूर आहे. ती आपण कुठे उधळतो, हा खरा प्रश्न.

एक उधळपट्टी म्हणजे अँटेनाचं तोंड. उभ्या अँटेनातून लहरी कशा पसरतात ते डोळ्यांसमोर आणायचं तर मेदूवडा आठवा. वड्याच्या भोकातून अँटेना उभा आरपार गेलाय. चहूबाजूंना वड्याचं भरगच्च अंग, आणि अँटेनाच्या टोकाच्या दिशेने नुसतं भोक. मुलं रिमोटचा अँटेना बंदुकीसारखा गाडीवर रोखतात, तेव्हा गाडी नेमकी भोकात सापडते. शिवाय एक अँटेना उभा आणि दुसरा आडवा असेल, तर मिळणारा संकेत सहज शंभराव्या हिश्शावर येऊ शकतो. नुसतं मनगट वळवून जे शंभरपट परत मिळतं, ते पॉवर वाढवून मिळवायचं तर १० वॉटचा रिमोट लागेल. आपल्याकडे या पट्ट्यात विनापरवाना मर्यादा आहे ४ वॉटची. गाडी जमिनीवर सपाट धावते, म्हणून उभं-आडवं सांभाळता येतं. विमान हवेत कोलांट्या घेतं, तिथे कोणती दिशा धरणार? म्हणून विमानांच्या रिसीव्हरला बहुधा दोन अँटेना असतात आणि ते एकमेकांशी काटकोनात बसवायचे असतात. एक भोकात सापडला तरी दुसरा ऐकतो.

दुसरी उधळपट्टी जमिनीची, आणि ती गाडीवाल्यांना सगळ्यांत जास्त नडते. रिमोटची लहर गाडीपर्यंत दोन वाटांनी येते. एक सरळ, दुसरी जमिनीवर आपटून. जमिनीला इतकी घासून जाणारी लहर परतताना उलटी होते: सरळ लहरीची चढण तिथे हिची उतरण. गाडीचा अँटेना जमिनीलगत असला की दोन्ही वाटांची लांबी जवळपास सारखीच भरते, आणि दोघी एकमेकींना खोडतात. मोकळ्या हवेत अंतर दुप्पट झालं की संकेत चौथाई होतो. इथे तो सोळावा हिस्सा उरतो. पण हेच गणित दुसऱ्या बाजूने आपल्या कामी येतं: अँटेनाची उंची दुप्पट केली की संकेत चौपट. जमिनीपासून ५ सेंटिमीटरवरचा अँटेना १५वर नेला की सुमारे नऊपट. भाच्याने काढून टाकलेली ती नळी नेमकी याचसाठी होती.

आपल्याकडे आणखी एक समज पक्का आहे, की पावसाने रेंज जाते. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीला पडत्या पावसाने जवळजवळ काहीच होत नाही. अडवतं ते साचलेलं आणि भरलेलं पाणी: ओल्या पानांनी गच्च झालेलं झाड, किंवा आपल्यासमोर येऊन उभी राहिलेली माणसं. माणसाच्या शरीरात निम्म्याहून अधिक पाणीच असतं. जुलैत गाडी रडली की मी ढगांकडे बघण्याआधी मध्ये कोण उभं आहे ते बघतो.

घरी येऊन आम्ही टेप सोडवली, वायर मोटरपासून लांब घेतली, नळी परत लावली आणि टोकाचा ३१ मिलिमीटरचा तुकडा तिच्यात वरपर्यंत उभा चढवला. पुढच्या रविवारी त्याच रिमोटवर गाडी सव्वाशे पावलं गेली. भाचा पावलं मोठ्याने मोजत होता. नळीला आता त्याने लाल रंग दिला आहे.

निघण्याआधी मी त्याला अजून एक गोष्ट करायला लावली. गाडी विटेवर ठेवून चाकं अधांतरी केली, थ्रॉटल थोडा दाबून ठेवायला सांगितला आणि रिमोट बंद केला. चाकं क्षणभर फिरली आणि थांबली. संकेत तुटला तर गाडी पार्कच्या कठड्यावर बसलेल्या आजोबांच्या पायांवर जाणार नाही, एवढं बघून मगच आम्ही बॅटरी काढली.