मोजोलिशस कॉन्फिगरेशन

मोजोलिशस या पर्लमधल्या वेब फ्रेमवर्कवर उभ्या केलेल्या ॲप्लिकेशनला बाहेरून सेटिंग पुरवण्याची व्यवस्था. डेटाबेसचा पत्ता आणि पासवर्ड, कुकीवर सही करण्यासाठीची गुप्त वाक्ये, सर्व्हरने कोणत्या पोर्टवर ऐकायचे, किती प्रोसेस चालवायच्या, अशा जागेनुसार बदलणाऱ्या गोष्टी कोडमध्ये न लिहिता फाईलमध्ये किंवा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये ठेवल्या जातात. हे फ्रेमवर्क सेबास्टियन रीडेल यांनी सुरू केले. त्याआधी ते कॅटॅलिस्ट या दुसऱ्या पर्ल फ्रेमवर्कच्या उभारणीत होते.

या नोंदीत किल्ल्यांची (म्हणजे सेटिंगची) आणि फाईलींची नावे देवनागरीत दिली आहेत. प्रत्यक्षात ती रोमन लिपीत लिहायची असतात: किल्ल्या लहान अक्षरांत, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल मोठ्या अक्षरांत, आणि दोन शब्दांमध्ये अंडरस्कोर.

मोजोलिशसच्या कॉन्फिगबद्दल सर्वांत आधी ध्यानात घ्यायची गोष्ट अशी की फाईलमध्ये एखादी किल्ली लिहिली म्हणून ती लागू होत नाही. कॉन्फिगचा प्लगइन फाईल वाचतो, तिचा एक पर्ल हॅश (किल्ली आणि मूल्य यांच्या जोड्यांचा संच) करतो आणि तो ॲप्लिकेशनच्या हवाली करतो. त्याचे काम तिथे संपते. त्या हॅशमधली मूल्ये उचलून योग्य ठिकाणी बसवणे हे ॲप्लिकेशनच्या स्टार्टअप मेथडचे काम. हिप्नोटोड या मोजोलिशसच्या सर्व्हरसाठीच्या विभागासारखे मोजके अपवाद सोडले तर फ्रेमवर्क स्वतःहून फाईलमध्ये डोकावत नाही. लॉगिन दिवसभर टिकावे म्हणून कोणी फाईलमध्ये 'सेशन्स' असा विभाग करून त्यात ८६४०० सेकंदांची मुदत लिहिली, तरी सेशन पूर्वीसारखेच ३६०० सेकंदांनी संपते, आणि त्याबद्दल कुठे एरर येत नाही की वॉर्निंग. स्टार्टअपमध्ये ते मूल्य सेशन्स ऑब्जेक्टच्या 'डिफॉल्ट एक्स्पिरेशन'ला द्यावे लागते. गुप्त वाक्यांचेही तसेच आहे. जनरेटरने (नव्या ॲप्लिकेशनचा सांगाडा बनवणाऱ्या कमांडने) तयार केलेल्या ॲप्लिकेशनमध्ये ती कॉन्फिगमधून उचलणारी ओळ आयती असते, म्हणून ती आपोआप लागू होतात असा समज होतो. हाताने लिहिलेल्या ॲप्लिकेशनमध्ये ती ओळ हमखास राहून जाते.

फाईल आणि तिचे नाव

फ्रेमवर्कसोबत तीन प्लगइन येतात. 'कॉन्फिग' हा पर्लमध्येच लिहिलेली फाईल चालवतो, 'जेसनकॉन्फिग' जेसन वाचतो आणि 'नॉटयामलकॉन्फिग' यामलचा एक छोटा उपसंच वाचतो (जेसन आणि यामल या मजकुरात डेटा लिहिण्याच्या पद्धती आहेत). नव्या आवृत्त्यांचा जनरेटर यामलची फाईल तयार करून तिच्यात एक यादृच्छिक गुप्त वाक्य घालून देतो.

नाव वेगळे दिले नाही तर प्लगइन ॲप्लिकेशनच्या मोनिकरवरून, म्हणजे त्याच्या छोट्या अंतर्गत नावावरून, फाईल शोधतो. पूर्ण ॲप्लिकेशनमध्ये मोनिकर क्लासच्या नावावरून ठरतो आणि मधल्या मोठ्या अक्षराआधी अंडरस्कोर येऊन ते अक्षर लहान होते, म्हणजे 'मायॲप' क्लासमधला 'ॲप' मोठ्या अक्षराने सुरू होत असेल तर फाईल 'माय_ॲप' या नावाची लागते. एकाच स्क्रिप्टमध्ये लिहिलेल्या लाइट ॲप्लिकेशनमध्ये मात्र मोनिकर स्क्रिप्टच्या फाईलनावावरून येतो. लाइट ॲप्लिकेशनचे पूर्ण ॲप्लिकेशन करताना कॉन्फिग अचानक 'सापडत नाही' त्याचे कारण बहुतेकदा हेच असते. फाईल नसेल तर ॲप्लिकेशन सुरूच होत नाही आणि अपेक्षित पूर्ण पाथ एरर मेसेजमध्ये छापला जातो. तो पाथ वाचला की घोळ लगेच कळतो. प्लगइनला डिफॉल्ट मूल्ये दिलेली असतील तर फाईल नसणे चालते. सापेक्ष पाथ ॲप्लिकेशनच्या होम डिरेक्टरीपासून मोजला जातो, तुम्ही ज्या डिरेक्टरीतून कमांड दिली तिथून नव्हे. मोजो_कॉन्फिग या व्हेरिएबलने फाईल थेट ठरवता येते.

पर्लच्या फाईलने शेवटी हॅशचा रेफरन्स परत द्यायला हवा, नाहीतर तशी स्पष्ट तक्रार येऊन ॲप्लिकेशन थांबते. या प्रकाराचा मोठा फायदा म्हणजे फाईलमध्येच एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल वाचता येतात, गणित करता येते, 'ॲप' फंक्शनने होम डिरेक्टरीही मिळते. जोखीम तीच: ती फाईल म्हणजे चालणारा कोड आहे, म्हणून तिच्यावर लिहिण्याची परवानगी कोडइतकीच जपून द्यायची.

जेसन आणि यामलच्या फाईली वाचण्याआधी मोजोच्या टेम्प्लेट इंजिनमधून जातात, त्यामुळे तिथेही व्हेरिएबलचे मूल्य ओतता येते. जेसनमध्ये टिप्पणीची सोय नसते, पण टक्का आणि हॅश चिन्हाने सुरू होणारी ओळ टेम्प्लेटच गाळते, म्हणून ती टिप्पणी म्हणून चालते. उलट बाजूने, टक्क्याने सुरू होणारी कोणतीही ओळ पर्ल कोड समजली जाते. व्हेरिएबलमधून आलेल्या पासवर्डमध्ये दुहेरी अवतरण किंवा बॅकस्लॅश असेल तर जेसन मोडतो, कारण टेम्प्लेट फक्त मजकूर चिकटवतो, जेसनसाठी त्याला एस्केप करत नाही.

यामलमध्ये आणखी एक सापळा आहे. डिफॉल्ट यामल वाचक सगळी साधी मूल्ये स्ट्रिंग म्हणून वाचतो. 'प्रॉक्सी' समोर 'फॉल्स' लिहिले तर पर्लला 'फॉल्स' हा पाच अक्षरी रोमन शब्द मिळतो, आणि रिकामी नसलेली स्ट्रिंग पर्लमध्ये खरी धरली जाते. म्हणजे बंद करायला गेलेली सेटिंग चालू राहते. होय-नाही मूल्यांसाठी ० आणि १ च वापरावेत.

मोड आणि थर

ॲप्लिकेशन कोणत्या मोडमध्ये आहे हे आधी मोजो_मोड, ते नसेल तर प्लॅक_एन्व्ह या व्हेरिएबलवरून ठरते. दोन्ही नसतील तर 'डेव्हलपमेंट'. मूळ फाईल वाचून झाली की प्लगइन त्याच नावाच्या मध्ये मोड घातलेली फाईल शोधतो, जसे 'माय_ॲप.प्रॉडक्शन.कॉन्फ', आणि ती असेल तर तिची मूल्ये मूळ मूल्यांवर चढवतो.

हे चढवणे फक्त वरच्या पातळीवर होते. मूळ फाईलमध्ये 'हिप्नोटोड' विभागात 'लिसन'ला ८०८५ पोर्ट, 'वर्कर्स'ला ४ आणि 'प्रॉक्सी'ला १ दिले आहे, आणि प्रॉडक्शनच्या फाईलमध्ये फक्त वर्कर्स वाढवायचे म्हणून 'हिप्नोटोड' विभागात एकट्या 'वर्कर्स'ला ८ लिहिले, असे समजा. परिणामी संपूर्ण जुना विभाग जाऊन त्याच्या जागी एका किल्लीचा नवा विभाग येतो. पोर्ट हिप्नोटोडच्या डिफॉल्ट ८०८० वर परततो, प्रॉक्सीची सेटिंग गायब होते, आणि समोर रिव्हर्स प्रॉक्सी (विनंत्या पुढे पाठवणारा सर्व्हर) म्हणून बसवलेल्या एनजिनएक्सला ८०८५ वर कोणीच भेटत नसल्याने पाहुण्यांना ५०२ एरर दिसतो. डान्सर२ आणि कॅटॅलिस्ट ही दुसरी पर्ल फ्रेमवर्क आतल्या पातळ्यांपर्यंत एकत्रीकरण करतात, त्यामुळे तिथून आलेल्या लोकांना हे वारंवार नडते. उपाय दोन: मोडच्या फाईलमध्ये विभाग पूर्ण लिहायचा, किंवा जागेनुसार बदलणाऱ्या किल्ल्या विभागात न ठेवता वरच्या पातळीवर सुट्या ठेवायच्या.

शेवटी हाती काय लागले हे तर्काने ठरवत बसू नये. ॲप्लिकेशनच्या स्क्रिप्टला 'इव्हल' कमांड देऊन, उणे एम या पर्यायाने मोड आणि उणे मोठ्या व्हीने छापण्याची सूचना करून, 'ॲप'चा 'कॉन्फिग' मागितला की एकत्र झालेला पूर्ण हॅश पडद्यावर येतो. दोन्ही मोडसाठी हे करून फरक पाहिला तर वरचा घोळ एका नजरेत सापडतो. या छापील मजकुरात पासवर्डही असतात. तो कोणाला पाठवण्याआधी ते काढावेत.

मोड चुकला तर नुसती फाईल चुकते असे नाही. हिप्नोटोड हा प्रॉडक्शनसाठीचा सर्व्हर असल्याने मोड दिला नसेल तर तो 'प्रॉडक्शन' धरतो. 'डीमन' कमांड मात्र 'डेव्हलपमेंट'मध्येच सुरू होते आणि ३००० पोर्टवर ऐकते. सिस्टिमडीच्या (लिनक्सवर सेवा सुरू करणाऱ्या व्यवस्थेच्या) युनिटमध्ये 'डीमन' लावून मोड द्यायचा राहिला, तर खऱ्या वापरकर्त्यांना एरर आल्यावर डीबग पान दिसते. त्या पानावर स्टॅशमधला, म्हणजे विनंती हाताळताना ॲप्लिकेशनने जवळ ठेवलेला, मजकूर छापला जातो, आणि कॉन्फिगचा हॅश प्लगइनने स्टॅशमध्ये ठेवलेला असतो. म्हणजे डेटाबेसचा पासवर्ड जगासमोर. ही चूक गंभीर आहे. युनिटमध्ये मोड नेहमी स्पष्ट लिहावा.

गुप्त वाक्ये

मोजोलिशसचे सेशन सर्व्हरवर साठवले जात नाही, ते सही केलेल्या कुकीत असते. 'सीक्रेट्स' ही त्या सहीसाठीच्या वाक्यांची यादी. काहीच दिले नाही तर मोनिकरच गुप्त वाक्य म्हणून वापरला जातो, आणि लॉगमध्ये ते बदलण्याची सूचना येते. मोनिकर ओळखणे कठीण नसते, आणि तो ओळखणारा कोणाच्याही नावाचे सेशन तयार करू शकतो. सही मजकुरातला फेरफार पकडते, मजकूर लपवत नाही. नेहमीच्या सही केलेल्या कुकीतला मजकूर वापरकर्ता वाचू शकतो. एका कुकीत सुमारे ४ किलोबाइटपेक्षा जास्त मावत नाही, म्हणून तिथे ओळख क्रमांक ठेवावा, संपूर्ण रेकॉर्ड नव्हे.

यादीतले पहिले वाक्य नव्या सहीसाठी आणि सगळी वाक्ये जुनी सही तपासण्यासाठी वापरली जातात. त्यामुळे कोणालाही लॉगआउट न करता वाक्य बदलता येते. नवे वाक्य यादीत सर्वांत पुढे घालायचे, जुने दुसऱ्या क्रमांकावर ठेवायचे, सर्व्हर नव्याने लोड करायचा. त्यानंतर जो वापरकर्ता येईल त्याच्या सेशनवर नवी सही होते, आणि जो येत नाही त्याचे सेशन मुदतीने संपते. म्हणून ३६०० सेकंदांची डिफॉल्ट मुदत असेल तर तासाभराने जुने वाक्य काढून टाकता येते. मुदत शून्य ठेवली असेल तर सेशन ब्राउझर बंद होईपर्यंत जगते, आणि तेव्हा जुने वाक्य किती दिवस ठेवायचे हे स्वतःच ठरवावे लागते. एकाच लोड बॅलन्सरमागे अनेक सर्व्हर असतील तर यादी सगळीकडे सारखी हवी. नसेल तर वापरकर्ता मध्येच लॉगआउट होतो, पान ताजे केले की परत लॉगइन दिसतो.

सेशन कुकीवर 'सिक्युअर' लावले आणि साइट साध्या एचटीटीपीवर तपासली, तर लॉगिन होते पण टिकत नाही. ब्राउझर ती कुकी परत पाठवतच नाही.

हिप्नोटोडचा विभाग

'लिसन'चे मूळ मूल्य सर्व पत्त्यांवर ८०८० पोर्ट, 'वर्कर्स' ४, 'क्लायंट्स' म्हणजे प्रत्येक वर्करची एकाच वेळची जोडणी १०००, आणि 'ॲक्सेप्ट्स' १००००, म्हणजे साधारण तितक्या जोडण्या स्वीकारल्या की वर्कर संपून नवा येतो. कोड नॉन-ब्लॉकिंग असेल तर दर सीपीयू कोअरमागे २ वर्कर ही चांगली सुरुवात. डेटाबेसची थांबून राहणारी क्वेरी चालवणाऱ्या कोडसाठी वर्कर वाढवावे लागतात आणि 'क्लायंट्स' खाली, कधी १ पर्यंतही, आणावे लागतात. असे न केल्यास एक वर्कर लांब क्वेरीत अडकलेला असताना त्याने स्वीकारलेल्या इतर जोडण्या ताटकळतात, शेजारचे वर्कर रिकामे असले तरीही.

समोर रिव्हर्स प्रॉक्सी असेल तर 'प्रॉक्सी' चालू हवी. ती बंद असेल तर ॲप्लिकेशनला सगळे वापरकर्ते प्रॉक्सीच्याच पत्त्यावरून आलेले दिसतात आणि एचटीटीपीएसवरच्या साइटचे रीडायरेक्ट एचटीटीपीवर जातात. प्रॉक्सी नसताना ती चालू ठेवणेही चुकीचे, कारण मग कोणीही हेडर पाठवून स्वतःचा आयपी पत्ता खोटा सांगू शकतो. मोठ्या फाईली अपलोड होत नसतील तर दोन मर्यादा तपासाव्या लागतात. मोजोलिशसची मर्यादा मुळात १६ मेबीबाइट असते आणि मोजो_मॅक्स_मेसेज_साइझने बाइटमध्ये बदलता येते. एनजिनएक्सची स्वतःची मर्यादा मुळात १ मेगाबाइट असते आणि तीच आधी आडवी येते.

हिप्नोटोडची कमांड पुन्हा दिली की चालू सर्व्हर न थांबता नव्या कोड आणि कॉन्फिगसह बदलतो. नवी आवृत्ती सुरू होऊ शकली नाही तर जुनी चालूच राहते. फाईलमधल्या बदलासाठी हे पुरेसे आहे, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलसाठी नाही. नवी प्रोसेस जुन्या मॅनेजरमधून जन्मते आणि त्याचेच व्हेरिएबल घेते. तुमच्या शेलमध्ये आता बदललेले मूल्य तिच्यापर्यंत पोहोचत नाही. तिथे सर्व्हर पूर्ण थांबवून पुन्हा सुरू करावा. 'पिड_फाईल' बदलतानाही तेच, कारण चालू सर्व्हर त्याच फाईलवरून शोधला जातो. फाईल वेगळी दिली की हिप्नोटोडला वाटते काहीच चालू नाही, आणि तो पोर्ट आधीच वापरात असल्याच्या एररवर अडकतो.

मॉर्बो या डेव्हलपमेंट सर्व्हरची अडचण त्याहून साधी आहे. तो स्क्रिप्ट, 'लिब' आणि 'टेम्प्लेट्स' यांच्यावर लक्ष ठेवतो, कॉन्फिगच्या फाईलवर नाही. बदल आपोआप उचलला जावा असे वाटत असेल तर उणे डब्ल्यू या पर्यायाने 'लिब' आणि 'टेम्प्लेट्स' यांच्यासोबत ती फाईलही द्यावी.

टेस्ट चालवताना

टेस्ट मोजो या टेस्टिंगच्या क्लासचा ऑब्जेक्ट तयार करताना ॲप्लिकेशनच्या नावासोबत एक हॅश दिला तर कॉन्फिग प्लगइन फाईल वाचतच नाहीत. दिलेला हॅश हाच संपूर्ण कॉन्फिग ठरतो. त्यामुळे टेस्ट चुकून खऱ्या डेटाबेसला हात लावत नाही. मात्र स्टार्टअपला लागणारी प्रत्येक किल्ली त्या हॅशमध्ये स्वतः द्यावी लागते, फाईलमधले काहीही त्यात मिसळत नाही.