करार पाळला नाही, की करारच मान्य नाही? ‘यूएलपी’ टाकण्याआधी युनियनने पाहायच्या गोष्टी

गेट मीटिंगमध्ये “आता कोर्टातच भेटू” अशी घोषणा होते, टाळ्या पडतात. दुसऱ्या दिवशी युनियनच्या ऑफिसात फाइल उघडली की पहिला प्रश्न वेगळाच येतो: आपलं गाऱ्हाणं नेमकं काय आहे? कंपनीने सही केलेला करार पाळला नाही, हे एक झालं. दुसऱ्या युनियनने केलेला करार आमच्या माथी मारला, हे दुसरं. बोलताना दोन्हींना ‘यूएलपी टाकणं’, म्हणजे अनुचित कामगार प्रथेची तक्रार दाखल करणं, म्हणतात. पण पहिल्याची वाट बरीच सरळ आहे, दुसऱ्याची फार अरुंद.

महाराष्ट्रात यासाठी महाराष्ट्र कामगार संघटना मान्यता व अनुचित कामगार प्रथा प्रतिबंध अधिनियम, १९७१ हा कायदा आहे. त्याच्या चौथ्या अनुसूचीतली बाब ९ म्हणजे निवाडा, तडजोड किंवा करार अमलात न आणणं. ही तक्रार कलम २८ खाली थेट औद्योगिक न्यायालयात दाखल होते. कामगार न्यायालयाकडे याच अनुसूचीतली फक्त बाब १, म्हणजे बडतर्फी आणि कामावरून काढण्याची प्रकरणं जातात.

बाब ९ साठी युनियन मान्यताप्राप्तच, म्हणजे या कायद्याखाली सगळ्या कामगारांच्या वतीने सौदा करण्याची मान्यता मिळालेलीच, हवी असं नाही. नोंदणीकृत युनियन तक्रार करू शकते, एकटा कामगारही करू शकतो. मान्यताप्राप्त युनियनमार्फतच यायची अट बाब २ आणि ६ पुरती आहे. दोन ठिकाणी मात्र पाय अडकतो. मुंबई औद्योगिक संबंध कायदा लागू असलेल्या उद्योगात प्रातिनिधिक संघटनेचा, म्हणजे त्या कायद्याखाली कामगारांची अधिकृत प्रतिनिधी ठरलेल्या युनियनचा, हक्क आड येतो. रेमंड वूलन मिल्सच्या प्रकरणात १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने तेच सांगितलं. आणि कंत्राटी कामगारांच्या बाबतीत ‘हे आमचे कामगारच नाहीत’ असं कंपनी म्हणाली, तर आधी ते नातं दुसऱ्या कार्यवाहीत सिद्ध करावं लागतं (सिप्ला प्रकरण, २००१).

मुदत आहे ९० दिवस, प्रथा घडल्यापासून. पुरेसं कारण दिलं तर उशीर माफ होऊ शकतो, पण त्यासाठी विलंबमाफीचा वेगळा अर्ज लागतो. दरमहा पैसे कापले जात असतील तर ‘अन्याय चालूच आहे’ हा युक्तिवाद वकील करतातच. तरी त्या भरवशावर बसू नये. साहेबांनी “पुढच्या महिन्यात बघू” म्हणत तीन महिने काढले, तर ते तीन महिने तुमचेच गेले.

आता कागद. मूळ कराराची सह्यांसह पूर्ण प्रत, जोडपत्रांसकट. युनियनचं नोंदणी प्रमाणपत्र आणि घटना. तक्रार दाखल करायला आणि सही करायला अमुक पदाधिकाऱ्याला अधिकार दिल्याचा कार्यकारिणीचा ठराव. इथे बारीक चूक फार वेळा होते. ठरावाची तारीख तक्रारीच्या नंतरची निघाली की समोरचा वकील उलटतपासणीत पहिला हात त्यावरच घालतो. शिवाय कंपनीला दिलेली पत्रं पोचेसह, वकीलपत्र, तक्रारीवरचं प्रतिज्ञापत्र, आणि तातडी असेल तर कलम ३०(२) खाली अंतरिम आदेशाचा अर्ज.

खरा जीव पगारस्लिपांमध्ये असतो. नुसता गठ्ठा जोडू नका, तक्ता करा. समजा करारातल्या कलम ७ प्रमाणे पहिल्या वर्षी २,४०० रुपये वाढ ठरली होती. एका कामगाराच्या एप्रिलच्या स्लिपवर मूळ पगारात १,५०० दिसतात, ४०० ‘विशेष भत्ता’ म्हणून, आणि ५०० कुठेच नाहीत. तक्त्यात नाव, तिकीट नंबर, कराराचं कलम, देय रक्कम, दिलेली रक्कम आणि फरक असे सहा रकाने पुरतात. भत्त्यातले ४०० सुद्धा वेगळे दाखवा. भविष्यनिर्वाह निधीवर आणि ग्रॅच्युइटीवर त्याचा परिणाम होऊ शकतो, हे न्यायाधीशांना तोंडी सांगून कळत नाही, आकड्यांत दिसावं लागतं.

दाखल झाल्यावर नोटीस, कंपनीचं लेखी म्हणणं, अंतरिम अर्जावर सुनावणी, मग पुरावा. कायदा म्हणतो, शक्यतो सहा महिन्यांत निकाल. या ‘शक्यतो’वर किती विसंबायचं ते तारखांना गेलेला माणूस जाणतो. म्हणून अंतरिम अर्जाला मुख्य तक्रारीइतकंच महत्त्व द्या. आदेश मोडला तर कलम ४८ खाली तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंडाची तरतूद आहे. निघालेली रक्कम कलम ५० खाली जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होऊ शकते. औद्योगिक न्यायालयाच्या निकालावर अपील नाही. उच्च न्यायालयात रिट करावी लागते.

दुसऱ्या गाऱ्हाण्याकडे वळू. मान्यताप्राप्त युनियनने केलेला करार पसंत नाही म्हणून दुसऱ्या युनियनने आव्हान दिल्याचं मोठं उदाहरण बामर लॉरी कंपनीचं आहे. करारात अशी अट होती की प्रत्येक कामगाराच्या एकूण थकबाकीतून १५ टक्के रक्कम कापून मान्यताप्राप्त युनियनच्या निधीला द्यायची. सभासद नसलेल्यांचीही. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि डिसेंबर १९८४ मध्ये आव्हान फेटाळलं गेलं. मान्यताप्राप्त युनियन सगळ्यांच्या वतीने सौदा करते, तेव्हा वाढ घ्यायची आणि कपात नाकारायची असं चालत नाही, असा त्या निकालाचा साधा अर्थ. कामगाराच्या खिशाकडे पाहिलं तर मला तो कडवट वाटतो, पण कायदा तोच आहे. एखाददुसरं कलम बोचतं म्हणून अख्खा करार मोडत नाही. तो एकत्र सौदा म्हणून पाहिला जातो, हे १९७६ च्या हर्बर्टसन्स निकालानेही सांगितलं होतं.

मग छोट्या युनियनने काय करावं? कराराऐवजी मान्यतेलाच हात घालावा. मान्यता चुकीने, दिशाभूल करून किंवा फसवणुकीने मिळाली असेल, तर कलम १३ खाली रद्द करायचा अर्ज करता येतो. मान्यता नोंदून दोन वर्षं झाली असतील आणि आपले सभासद सर्वांत जास्त असतील, तर कलम १४ खाली त्या जागी आपण येऊ शकतो. अट म्हणजे ५० किंवा जास्त कामगारांचा कारखाना, आणि अर्जाच्या महिन्याआधीच्या सहा महिन्यांत सतत किमान ३० टक्के सभासद. पावती पुस्तकं, सभासद रजिस्टर, दर तीन महिन्यांत एकदा तरी व्हायला हव्या असलेल्या कार्यकारिणी सभांची इतिवृत्तं तपासली जातात. एका दिवशी एकाच पेनाने भरलेलं रजिस्टर ओळखू येतं.

एक नवी भानगडही आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राची औद्योगिक संबंध संहिता, २०२० लागू झाली. तिने १९२६ चा कामगार संघटना, १९४६ चा स्थायी आदेश आणि १९४७ चा औद्योगिक विवाद असे तीन केंद्रीय कायदे रद्द केले. आपला १९७१ चा राज्य कायदा त्या यादीत नाही. पण संहितेत वाटाघाटी करणाऱ्या युनियनसाठी ५१ टक्क्यांचा वेगळा निकष आहे, तेव्हा कंपनीचा वकील अधिकारक्षेत्राचा मुद्दा काढणारच असं धरून चाला. त्याचं उत्तर देणारा परिच्छेद तक्रारीतच लिहून ठेवा, आणि जुन्या नमुन्यावरून तक्रार उतरवत असाल तर त्यात १९४७ च्या कायद्याची कलमं कुठे कुठे राहिली आहेत ते एकदा पेन्सिलीने खुणा करून पाहा.