कण्याचा बाक आणि श्वासाची दिशा

मुलीला पाठमोरं उभं करा. पाय जुळलेले, गुडघे ताठ, हातांचे तळवे एकमेकांना लावलेले. आता तिला सावकाश कमरेतून पुढे वाकू द्या आणि तुम्ही मागे बसून नजर तिच्या पाठीच्या पातळीवर आणा. पाठीची उजवी आणि डावी बाजू सारख्याच उंचीवर आहे का, एवढंच बघायचं. लंडनचे सर्जन विल्यम ॲडम्स यांनी १८६५ मध्ये ही तपासणी मांडली. स्कोलिओसिस, म्हणजे कण्याला बाजूला आलेला बाक, ओळखण्याची पहिली पायरी आजही तीच आहे. एक खांदा जरा वर, कमरेची एक बाजू जास्त खोल, असं जे उभं असताना जेमतेम जाणवतं, ते वाकल्यावर उंचवट्याच्या रूपात स्पष्ट दिसतं.

तो उंचवटा बरगड्यांचा असतो. स्कोलिओसिसमध्ये मणके नुसते बाजूला सरकत नाहीत, ते स्वतःभोवती फिरतातही. छातीच्या भागातल्या प्रत्येक मणक्याला दोन्ही बाजूंनी बरगड्या जोडलेल्या असल्यामुळे मणका फिरला की बरगड्याही त्याच्यासोबत फिरतात. बाक ज्या बाजूला बाहेर आलेला असतो त्या बाजूच्या बरगड्या मागे ढकलल्या जातात आणि आतल्या बाजूच्या पुढे येऊन दबतात. भरीला पाठीची नैसर्गिक गोलाई पुष्कळदा सपाट होते. थोडक्यात, बिघाड एकाच वेळी तिन्ही दिशांना झालेला असतो.

म्हणूनच ‘सरळ बस’ असं दिवसातून दहा वेळा सांगून काही साधत नाही. पोक काढून बसणाऱ्या मुलाला टोकलं तर तो सरळ होतो. स्कोलिओसिस असलेली मुलगी ताठ बसली तरी फिरलेले मणके फिरलेलेच राहतात. बसण्याच्या पद्धतीमुळे किंवा दप्तराच्या ओझ्यामुळे स्कोलिओसिस होत नाही. सुमारे ८० टक्के रुग्णांमध्ये नेमकं एक कारण सापडत नाही. आनुवंशिकतेचा वाटा असतो, पण कुठल्या घरात कोणाला बाक येईल हे आधी सांगता येत नाही. मुलीला बोल लावणं तर पूर्णपणे चुकीचं. पौगंडावस्थेतल्या २ ते ३ टक्के मुलामुलींमध्ये हा बाक आढळतो. सौम्य बाक मुलग्यांमध्येही जवळपास तितकाच दिसतो, पण तो वाढत जाण्याचं प्रमाण मुलींमध्ये कितीतरी जास्त असतं.

बाक मोजण्याची पद्धत अमेरिकन अस्थिशल्यविशारद जॉन कॉब यांनी १९४८ मध्ये दिली. एक्स-रेवर बाकाच्या वरच्या टोकाचा सर्वांत कललेला मणका आणि खालच्या टोकाचा सर्वांत कललेला मणका निवडून त्यांच्या कडांवरून रेषा काढतात आणि त्या रेषांमधला कोन मोजतात. कोन १० अंश किंवा जास्त असेल तर स्कोलिओसिस म्हणतात. ४५ ते ५० अंशांच्या पुढे गेला की शस्त्रक्रियेची चर्चा सुरू होते. बाक वाढू नये म्हणून करायच्या व्यायामाचा आणि श्वासाचा खरा उपयोग या दोन आकड्यांच्या मधल्या काळात आहे. माझं म्हणणं असं, की ‘शस्त्रक्रियेऐवजी व्यायाम’ हा विचारच थोडा उशिरा केलेला असतो. शस्त्रक्रिया टाळायची तर ती सुचवण्याची वेळ येण्याआधी काम सुरू व्हायला हवं.

श्वासाचा कण्याशी संबंध येतो तो बरगड्यांमुळे. आपण श्वास आत घेतो तेव्हा छाती आणि पोट यांच्यामधला श्वासपटल हा स्नायू खाली उतरतो आणि खालच्या बरगड्या बादलीच्या कडीसारख्या वर उचलल्या जाऊन बाहेर जातात. या बरगड्यांचं मागचं टोक मणक्यांच्या सांध्यात बसलेलं असतं. श्वासपटलाचे मागचे पट्टे तर कमरेच्या मणक्यांनाच चिकटलेले असतात. म्हणजे श्वास घेताना कण्याच्या दोन्ही अंगांना हालचाल होत असते, आणि तीही दिवसातून वीस हजारांच्या आसपास वेळा. बाक आल्यावर ही हालचाल दोन्हीकडे सारखी राहत नाही. आतल्या बाजूला बरगड्या एकमेकींना खेटलेल्या असतात आणि त्यांना पसरायला जागा नसते. बाहेरची बाजू मात्र मोकळेपणाने फुगते.

हे नेमकेपणाने हेरलं ते स्वतः बाक असलेल्या एका तरुणीने. काटरिना श्रोथ यांचा जन्म १८९४ मध्ये जर्मनीतल्या ड्रेस्डेनचा. किशोरवयात त्यांना पोलादी ब्रेस, म्हणजे कण्याला आधार देणारा धडाभोवतीचा कडक पट्टा, घालावा लागला. त्या व्यवसायाने शिक्षिका, वैद्यकीय शिक्षण नाही. खळगा पडलेला रबरी चेंडू आतून हवा भरली की पुन्हा गोल होतो, यावरून त्यांना कल्पना सुचली: पाठीचा दबलेला भागही आतून, श्वासानेच, भरता येईल का? दोन आरसे लावून त्या स्वतःची पाठ बघत आणि श्वास हव्या त्या जागी न्यायचा सराव करत. १९२१ मध्ये त्यांनी माइसेन इथे छोटं केंद्र सुरू केलं. १९५० च्या दशकात त्या आणि त्यांची फिजिओथेरपिस्ट मुलगी क्रिस्टा पश्चिम जर्मनीत आल्या आणि १९६१ मध्ये झोबर्नहाइम इथे काम नव्याने उभं केलं. रुग्ण तिथे काही आठवडे राहून रोज अनेक तास व्यायाम करत. १९८५ मध्ये श्रोथ गेल्या तोवर त्यांच्या पद्धतीचा चांगलाच विस्तार झाला होता. आज इटली, पोलंड, स्पेन, फ्रान्स इथेही स्कोलिओसिससाठी व्यायामाच्या वेगवेगळ्या पद्धती आहेत.

प्रत्यक्ष व्यायाम कसा चालतो ते नेहमी आढळणाऱ्या, छातीच्या भागात उजवीकडे आलेल्या बाकाच्या उदाहरणाने बघू. मागून पाहिलं तर उजव्या खवाट्याशी उंचवटा आणि डावीकडे खळगा. समोर बरोबर उलट: डाव्या बरगड्या पुढे आलेल्या, उजवीकडे दबलेलं. मुलगी आरशासमोर स्टुलावर बसते. आधी कंबर मध्यावर आणते, कारण पाया एका अंगाला कललेला असेल तर वर केलेली कुठलीच दुरुस्ती टिकत नाही. मग माथा छताकडे नेत कणा होईल तितका लांबवते. फिजिओथेरपिस्ट तिच्या डाव्या खळग्यावर बोटं टेकवते आणि म्हणते, श्वास इथे आण. सुरुवातीला तिथे काहीच घडत नाही. हवा सवयीने उजवीकडेच जाते, खांदे वर उचलले जातात, मान आखडते. सरावाने कधीतरी त्या बोटांखाली बरगड्या किंचित पसरू लागतात. श्वास तिथे बाहेरच्या अंगाला, मागे आणि वर, अशा तिन्ही दिशांना न्यायचा असतो. खरं कष्टाचं काम यानंतरचं. श्वास सोडताना सगळा पिंजरा परत जुन्या जागी ढासळू पाहतो, आणि नेमक्या त्याच वेळी धडाचे स्नायू घट्ट करून मिळवलेली जागा धरून ठेवायची असते. लांब, सावकाश उच्छ्वास, स्नायू ताणलेले, नजर आरशात. अशा काही आवर्तनांनंतर मुली घामाघूम होतात. उताणं झोपून करायच्या व्यायामात उंचवट्याखाली धान्य भरलेली छोटी पिशवी ठेवतात, म्हणजे तो भाग आपोआप पुढे ढकलला जातो.

यावरून लक्षात येईल की उजव्या बाकासाठी रचलेला व्यायाम डाव्या बाकाला उलटा पडू शकतो. काहींना एकच बाक असतो, काहींना वर एक आणि खाली विरुद्ध दिशेने दुसरा. म्हणून दुसऱ्या कोणाचा व्हिडिओ बघून व्यायाम सुरू करणं मला अजिबात पटत नाही. पोहणं, योगासनं, खेळ हे सगळं जरूर करावं, त्याने अंगात ताकद आणि मोकळेपणा येतो. मात्र बाकावरचा उपचार म्हणून त्यावर विसंबू नये.

हे सगळं वाढीच्या वयातच का, याचं उत्तर हाडांच्या वाढीत आहे. मणक्यांच्या वरच्या आणि खालच्या कडेला वाढीचा थर असतो. त्यावर दाब जास्त पडला की वाढ मंदावते आणि दाब कमी झाला की वाढ जोर धरते. बाक आलेल्या कण्यात आतली बाजू दाबली जाते, बाहेरची मोकळी राहते. मग मणका एका बाजूने कमी आणि दुसऱ्या बाजूने जास्त वाढत पाचरीच्या आकाराचा होतो. त्यामुळे बाक वाढतो, आणि वाढलेल्या बाकामुळे दाब आणखी विषम होतो. उंची भराभर वाढण्याच्या काळात, म्हणजे मुलींमध्ये पाळी सुरू होण्याच्या आधीच्या वर्षभरात, हे चक्र सर्वांत वेगाने फिरतं. १९८४ मध्ये लॉनस्टीन आणि कार्लसन या संशोधकांनी केलेल्या अभ्यासात २० ते २९ अंशांचा बाक असलेल्या आणि हाडांची वाढ बरीच बाकी असलेल्या मुलांपैकी ६८ टक्क्यांचा बाक वाढला. तेवढाच बाक, पण वाढ संपत आलेली, अशा मुलांमध्ये हे प्रमाण २३ टक्के होतं. त्यामुळे डॉक्टर एक्स-रेमध्ये कमरेच्या हाडाची वरची कड किती पक्की झाली आहे तेही बघतात. तिच्यावरून किती वाढ शिल्लक आहे याचा अंदाज येतो.

मग व्यायामाने किती फरक पडतो? इटलीत ११० मुलामुलींवर झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सौम्य बाक असलेल्यांना वाढ पूर्ण होईपर्यंत स्कोलिओसिससाठीचे खास व्यायाम दिले. त्यांचा कोन सरासरी सुमारे ५ अंशांनी घटला. सर्वसाधारण व्यायाम करणाऱ्या गटात तो जवळजवळ होता तिथेच राहिला. तुर्कस्तानातली २०१६ ची एक लहान चाचणी मला जास्त बोलकी वाटते. ४५ जणांचे तीन गट केले होते: एकाने श्रोथ व्यायाम फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली केले, दुसऱ्याने तेच शिकून घरी केले, तिसऱ्याने केलेच नाहीत. देखरेखीतल्या गटाचा कोन सुमारे अडीच अंशांनी कमी झाला. घरी करणाऱ्यांचा आणि न करणाऱ्यांचा साधारण सारखाच, सुमारे ३ अंशांनी वाढला. घरचा सराव निरुपयोगी आहे असा याचा अर्थ मी काढणार नाही, पण कोणी चूक दुरुस्त करणारं नसेल तर मुलगी नकळत जुन्याच वळणाने श्वास घेत राहते, हे सहज समजण्यासारखं आहे.

हे आकडे लहान आहेत, हे मान्य करायलाच हवं. एक्स-रेवर कोन मोजताना ५ अंशांपर्यंतची तफावत सहज पडते. त्यामुळे ‘तीन महिन्यांत कणा सरळ’ असं कोणी सांगत असेल तर तिथून उठून यावं. अपेक्षा ठेवायची ती बाक न वाढण्याची, थोडा कमी झाला तर उत्तमच.

बाक २५ अंशांच्या आसपास गेला आणि वाढ बाकी असेल तर एकट्या व्यायामावर थांबू नये, ब्रेस लागतो. अमेरिका आणि कॅनडात झालेल्या, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २० ते ४० अंशांचा बाक असलेली मुलं होती. ब्रेस घालणाऱ्यांपैकी ७२ टक्के मुलांची वाढ बाक ५० अंशांपर्यंत न पोचता पूर्ण झाली. नुसत्या देखरेखीखाली असलेल्यांमध्ये हे प्रमाण ४८ टक्के होतं. ब्रेसच्या आत तापमान मोजणारं उपकरण बसवलेलं असल्याने तो किती तास घातला हे खात्रीने कळलं, आणि जे रोज सरासरी सुमारे १३ तासांहून जास्त घालत त्यांच्यातले ९० टक्क्यांहून जास्त यशस्वी ठरले. तेरा-चौदा वर्षांच्या मुलीला शाळेत कडक प्लास्टिकचा ब्रेस घालून बसायला किती जड जात असेल, याचा विचार मोठ्यांनी जरूर करावा. चांगला ब्रेसही आतून दबलेल्या बाजूला मोकळी जागा ठेवून बनवलेला असतो, म्हणजे श्वास त्या जागेत भरता येतो. व्यायाम आणि ब्रेस यांचा मेळ असा बसतो.

बाक ५० अंशांपलीकडे गेला तर वाढ थांबल्यावरही तो वर्षाला साधारण एक अंश वाढत राहू शकतो. अशा वेळी शस्त्रक्रियेचा सल्ला मिळाला तर तो नीट ऐकावा, आणि व्यायामाच्या आशेवर महिनेच्या महिने घालवू नयेत. शस्त्रक्रियेत स्क्रू आणि सळ्या बसवून ठरावीक मणके एकमेकांना जोडतात. बाक बराच कमी होतो, पण तेवढ्या भागाची हालचाल कायमची जाते. ३० अंशांच्या आत वाढ पूर्ण झाली तर मात्र पुढे बाक वाढण्याची शक्यता फार कमी. अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या रुग्णांचा ५० वर्षांचा पाठपुरावा २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. उपचार न घेतलेल्यांपैकी बहुतेक जण नोकरी, संसार नीट करत होते. पाठदुखी इतरांपेक्षा जास्त होती आणि धाप लागण्याचा त्रास मुख्यतः छातीतला बाक ८० अंशांपुढे गेलेल्यांना होता. म्हणजे २० अंशांच्या एक्स-रेवरून फुप्फुसांची धास्ती घेण्याचं कारण नाही.

काही बाकांची गोष्ट वेगळी असते. जन्मतःच मणक्याचा आकार बिघडलेला असेल किंवा स्नायूंचा अथवा मज्जासंस्थेचा आजार असेल तर श्रोथसारख्या व्यायामांकडून वर सांगितलेली अपेक्षा ठेवता येत नाही. रात्री झोपेतून उठवणारी पाठदुखी, पायांत अशक्तपणा, लघवीवरचा ताबा सुटणं, बाक झपाट्याने वाढणं किंवा छातीतला बाक नेहमीच्या उलट, डावीकडे असणं, यांपैकी काहीही दिसलं तर व्यायाम सुरू करण्याआधी एमआरआय करायचा का, हे डॉक्टरांना विचारावं.

वाढ चालू असताना साधारण दर सहा महिन्यांनी तपासणी होते. प्रत्येक वेळी एक्स-रे लागतोच असं नाही, पाठीचा उतार मोजणाऱ्या छोट्या साधनानेही बरंच कळतं. एक्स-रे काढायचाच झाला तर किरण पाठीकडून सोडायला सांगावेत, मुलीच्या स्तनांना त्यामुळे किरणोत्सर्ग कमी लागतो. आणि जुने सगळे एक्स-रे तारखेसकट जपून ठेवावेत, कारण बाक खरंच वाढला की मोजण्यातच फरक पडला, हे डॉक्टरांना जुना आणि नवा एक्स-रे शेजारी ठेवून, त्याच दोन मणक्यांवरून मोजल्याशिवाय सांगता येत नाही.