ज्येष्ठ नागरिक निवाससंकुल

साठी ओलांडलेल्या व्यक्तींना किंवा दांपत्यांना स्वतंत्र सदनिकेत राहता यावे आणि जेवण, साफसफाई, वैद्यकीय मदत व सोबत या गोष्टी सामायिक व्यवस्थेतून मिळाव्यात, अशा रीतीने आखलेल्या व चालवलेल्या गृहसंकुलास ज्येष्ठ नागरिक निवाससंकुल म्हणतात. काही संकुलांत प्रवेशाचे वय ५५ धरतात, आणि दांपत्यापैकी एकाने ती अट पूर्ण केली तरी पुरते. वृद्धाश्रमाहून ही व्यवस्था वेगळी आहे. वृद्धाश्रमात खाट किंवा खोली मिळते व दिनक्रम संस्था ठरवते. निवाससंकुलात दाराची किल्ली रहिवाशाकडे असते, ओटा व देव्हारा त्याचा स्वतःचा असतो आणि पाहुण्यांना केव्हा बोलवावे हे तोच ठरवतो. मुंबईत मात्र बोलताना पुष्कळ लोक दोन्हींना ‘आश्रम’च म्हणतात, आणि त्या एका शब्दापायी घरात हा विषय निघाला की मुले दुखावतात व आईवडील संकोचतात.

वयाची अट असलेल्या वसाहतींची कल्पना विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेत रुजली. ॲरिझोना राज्यातील सन सिटी ही वसाहत १ जानेवारी १९६० रोजी खुली झाली. भारतात कोइमतूर, पुणे यांसारख्या शहरांच्या परिसरात अशी संकुले उभी राहिली. महाराष्ट्रातील परिचित उदाहरणांत पुण्याची ‘अथश्री’ संकुले आणि डिग्निटी फाउंडेशनने नेरळजवळ वसवलेली वसाहत यांचा उल्लेख करावा लागतो.

मुंबईत या निवासाची गरज समजून घ्यायची तर आधी येथील घरे पाहावी लागतात. गिरगाव, दादर, लालबाग भागांतील जुन्या तीन-चार मजली इमारतींत बहुधा लिफ्ट नसते, आणि गुडघे दुखू लागले की तिसऱ्या मजल्यावरच्या माणसाचे खाली उतरणे आठवड्यातून एकदा, मग महिन्यातून एकदा, असे कमी होत जाते. तरीही चाळीच्या गॅलरीत दिवसभर उघडी राहणारी दारे होती. कोणी दूध आणून देई, कोणी औषधाची आठवण करी. बोरिवली, मुलुंड किंवा डोंबिवलीच्या ब्लॉकमध्ये लिफ्ट आली, पण दारे बंद झाली. पुनर्विकासात जुने शेजारी विखुरले, मुले बंगळूरला किंवा परदेशी गेली, आणि ‘ब्युरोची बाई’, म्हणजे संस्थेमार्फत ठेवलेली मदतनीस, सुट्टीवर गेली की त्या दिवसाचे काय करायचे, हा प्रश्न उरला. संकुलात जाण्याचा निर्णय पुष्कळदा एखादी व्यक्ती न्हाणीघरात पडून बराच वेळ तेथेच राहिल्यावर, म्हणजे घाईत, घेतला जातो. तो धडधाकट असताना घेतलेला बरा, कारण नवे ओळखीपाळखीचे जग उभे करायलाही अंगात बळ लागते.

मुंबईतील जमिनीचे भाव पाहता अशी संकुले शहराच्या पोटात फार थोडी उभी राहू शकतात. ती नेरळ, कर्जत, बदलापूर, पनवेल या बाजूंना सरकतात. तेथे हवा चांगली असते, पायी फिरायला जागा असते. पण छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस ते नेरळ हा लोकलचा प्रवास सुमारे दोन तासांचा आहे. चाळीस वर्षांच्या ओळखीचा डोळ्यांचा डॉक्टर, बँकेची शाखा, भजनी मंडळ, शिवाजी पार्कचा कट्टा हे सारे त्या दोन तासांपलीकडे जाते. म्हणून नोंदणीपूर्वी महिना-दोन महिने, आणि तेही पावसाळ्यात, तेथे राहून पाहणे उपयुक्त ठरते.

आर्थिक रचना मुख्यतः तीन प्रकारची असते. पहिलीत सदनिका विकत घेतली जाते व सेवांसाठी मासिक शुल्क भरावे लागते. दुसरीत मोठी अनामत ठेवून हयातभर राहण्याचा हक्क मिळतो आणि करारात ठरलेली वजावट करून उरलेली रक्कम परत केली जाते. तिसरी लिव्ह अँड लायसन्सची, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी भाड्याने राहण्याची. राहते घर विकून पैसा उभा करायचा तर घर मालकीचे असावे लागते. पागडीच्या, म्हणजे मालकाला एकरकमी पैसे देऊन कायमच्या भाड्याने घेतलेल्या, खोलीत हस्तांतराच्या वेळी मालकाला मोठा वाटा द्यावा लागत असल्याने हाती येणारी रक्कम बरीच कमी असते. मासिक शुल्क दरवर्षी वाढते, निवृत्तिवेतन मात्र सर्वांना नसते आणि बँकेतील ठेवीचे व्याज महागाईबरोबर वाढत नाही.

कायद्याने या क्षेत्राकडे उशिरा लक्ष दिले. २००७ च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह व कल्याणविषयक अधिनियमात निराधार वृद्धांसाठी वृद्धाश्रम स्थापण्याची तरतूद आहे, परंतु पैसे भरून राहण्याच्या संकुलांचा विचार त्यात नाही. केंद्राच्या गृहनिर्माण मंत्रालयाने २०१९ मध्ये आदर्श मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि २०२४ मध्ये महारेराने, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाने, ज्येष्ठांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रकल्पांना किमान बांधकाम-निकष लागू केले : एकाहून अधिक मजल्यांच्या इमारतीस लिफ्ट, व्हीलचेअर जाईल असे किमान ९०० मिलिमीटर रुंद दरवाजे, १,५०० मिलिमीटर रुंदीचा व दोन्ही बाजूंना कठडे असलेला जिना, न्हाणीघरात धरायला दांड्या व न घसरणारी फरशी. हे निकष मोलाचे आहेत, पण ते इमारतीपुरते आहेत. ताबा दिल्यानंतर बांधकामातील दोषांची जबाबदारी विकासकावर पाच वर्षे राहते. भोजनगृह, रुग्णवाहिका आणि रात्रपाळीची परिचारिका पंधराव्या वर्षीही असेल की नाही, हे सेवाकरारावर व तो चालवणाऱ्या संस्थेवर अवलंबून असते.

या निवासाची खरी कसोटी रहिवासी परावलंबी झाल्यावर लागते. बहुतेक संकुले स्वतःची कामे स्वतः करणाऱ्यांसाठी असतात. आंघोळीला मदत लागू लागली, की मदतनीसाचा खर्च वेगळा पडतो. स्मृतिभ्रंश झाला किंवा माणूस अंथरुणाला खिळला, तर काही करारांत सदनिका सोडण्याची अट असते. ती अट कोणी, कोणत्या वैद्यकीय तपासणीवरून लागू करायची, आणि जोडीदार धडधाकट असल्यास त्याला एकट्याने राहू देणार का, हे करारात स्पष्ट लिहून घ्यावे लागते. जाहिरातीतील पोहण्याच्या तलावापेक्षा हे कलम कितीतरी महत्त्वाचे आहे.

विकत घेतलेली सदनिका मृत्यूनंतर वारसांकडे जाते, परंतु वयाच्या अटीत न बसणाऱ्या मुलांना तेथे कायम राहता येत नाही. ती विकायची किंवा भाड्याने द्यायची तर घेणाराही ज्येष्ठच लागतो, त्यामुळे ग्राहक मिळायला वेळ लागतो, आणि तोवर बंद घराचे मासिक शुल्क वारसांना भरावे लागते.