आधारगृहापासून मासेमारांच्या धक्क्यापर्यंत

हिंसाग्रस्त स्त्रियांसाठी झटलेली एखादी अनिशिनाबे (ओजिब्वे, ओडावा अशा मूलनिवासी जमातींचा समूह) संघटक पुढे मासेमारांच्या पाठीशी उभी राहते, तेव्हा तिनं क्षेत्र बदललं असं बाहेरच्यांना वाटतं. उत्तर अमेरिकेतल्या पंचमहासरोवरांच्या काठचा इतिहास पाहिला की हा समज टिकत नाही.

1836 च्या करारात ओडावा आणि ओजिब्वे जमातींनी आजच्या मिशिगनचा एक तृतीयांशाहून अधिक मुलूख अमेरिकी सरकारला दिला, पण शिकार आणि मासेमारीचे हक्क राखून ठेवले. पुढे राज्य सरकारनं हे हक्क मानलेच नाहीत. 1971 मध्ये मिशिगनमधल्या बे मिल्स या ओजिब्वे वस्तीतल्या अल्बर्ट लेब्लांक यांच्यावर गिलनेट (माशांचे कल्ले अडकवणारं जाळं) टाकल्याचा गुन्हा नोंदवला गेला. मासेमारीच्या हक्कांची ही लढाई संघराज्याच्या न्यायालयात गेली आणि 1979 मध्ये न्यायाधीश नोएल फॉक्स यांनी ते हक्क शाबूत असल्याचा निकाल दिला.

त्याच्या एकच वर्ष आधी, ओलिफंट खटल्यात, सर्वोच्च न्यायालयानं जमातींच्या न्यायालयांचा मूलनिवासी नसलेल्यांवर फौजदारी खटला चालवण्याचा अधिकार काढून घेतला होता. म्हणजे भावाला सरोवरात जाळं टाकता येणार, पण बहिणीला बाहेरच्या नवऱ्यानं मारहाण केली तर जमातीचं न्यायालय त्याला शिक्षा करू शकणार नाही. तो अधिकार 2013 च्या कायद्यानं काही अंशी परत मिळाला, तोही स्त्री संघटनांनी वर्षानुवर्षं रेटा लावल्यावर.

विस्कॉन्सिनात तर दोन्ही प्रश्न एकाच किनाऱ्यावर समोरासमोर आले. 1983 च्या निकालानं तिथल्या ओजिब्वेंचा हक्क मान्य झाला. वसंतात बर्फ वितळला की रात्री दिव्याच्या उजेडात वॉलआय माशाचे डोळे चमकतात, आणि तो भाल्यानं टिपला जातो. 1980 च्या दशकाच्या अखेरीस या होड्यांवर दगड येऊ लागले. काठावरच्या फलकांवर मासे वाचवा आणि गरोदर मूलनिवासी बाईला भाला मारा, अशा अर्थाचा मजकूर होता. माझ्या मते, या दोन लढाया एकच आहेत याचा यापेक्षा ढळढळीत पुरावा नाही.

तेलवाहिन्यांच्या बाबतीतही स्त्रिया आणि पाणी दोन्ही धोक्यात येतात. 2021 मध्ये मिनेसोटात लाइन 3 तेलवाहिनीचं काम चालू असताना देहव्यापारविरोधी कारवाईत प्रकल्पावरचे कंत्राटी कामगार पकडले गेले. मिशिगन आणि ह्युरॉन सरोवरांना जोडणाऱ्या मॅकिनॉ सामुद्रधुनीच्या तळाशी तर 1953 पासून लाइन 5 ही तेलवाहिनी आहे. ती फुटली तर बे मिल्सच्या मासेमारांचं पाणीच जाईल. मिशिगन आणि ह्युरॉन सरोवरांत बाहेरून आलेल्या क्वागा शिंपल्यांनी प्लवकं (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) फस्त केल्यानं व्हाइटफिश माशाची पिल्लं उपाशी मरत आहेत, आणि जाळी रिकामी येत आहेत.