इओसिनोफिल, दम्यातील

इओसिनोफिल, दम्यातील : ज्या पांढऱ्या रक्तपेशींतील कण इओसिन या तांबड्या रंजकाने रंगतात त्यांना इओसिनोफिल म्हणतात. दमेकऱ्याच्या रक्तातील व बेडक्यातील त्यांच्या प्रमाणावरून श्वासनलिकांच्या दाहाचा प्रकार ठरवला जातो. पाउल एर्लिख यांनी १८७९ मध्ये त्यांना हे नाव दिले. टॉमस व्हॉर्टन जोन्स यांनी १८४६ मध्ये वर्णिलेल्या भरड कणांच्या पेशी याच असाव्यात, असे सामान्यतः मानले जाते.

दम्याशी त्यांचे नाते मात्र पेशींआधी स्फटिकांमुळे नजरेस आले. १८५३ मध्ये फ्रेंच वैद्य शार्को यांनी वर्णिलेले, दोन्ही टोकांना निमुळते व रंगहीन असे स्फटिक जर्मन वैद्य लायडेन यांना १८७२ मध्ये दमेकऱ्यांच्या बेडक्यात आढळले. हे अणकुचीदार स्फटिक श्वासनलिकेतील मज्जातंतूंच्या टोकांना टोचतात आणि त्यामुळे नलिका आवळते, असा लायडेन यांचा तर्क होता. तो पुढे मागे पडला व स्फटिक हे मेलेल्या इओसिनोफिलांचे निरुपद्रवी अवशेष ठरले. त्यांतील प्रथिन म्हणजे लायसोफॉस्फोलिपेज हे विकर, असे बराच काळ समजले जाई. ते गॅलेक्टिन-१० हे इओसिनोफिलांतीलच वेगळे प्रथिन आहे, हे आता मान्य झाले आहे. २०१९ मध्ये गेंट येथील संशोधकांनी हे स्फटिक उंदरांच्या फुप्फुसांत स्वतःच दाह चेतवतात, असे दाखवले. मज्जातंतूंचा तर्क त्यामुळे सिद्ध होत नाही. पण स्फटिक निरुपद्रवी नाहीत, एवढे श्रेय लायडेन यांना द्यावे लागते.

पेशी स्वतः दोषी की केवळ साक्षीदार, हा वाद अधिक चिवट आहे. हिस्टामिनाचे विघटन करत असल्यामुळे त्या दाह शमवतात, असे एकेकाळी मानले जाई. त्यांच्या कणांतील प्रथिने श्वासनलिकेचे अस्तर सोलून काढतात असे आढळल्यावर मत उलटले. २००० मध्ये इंटरल्यूकिन-५ (इओसिनोफिलांची वाढ घडवणारे संदेशवाहक प्रथिन) रोखणाऱ्या प्रतिपिंडाने रक्त व बेडक्यातील इओसिनोफिल घटवले, तरी श्वासनलिकांची अतिसंवेदनशीलता तशीच राहिली आणि पेशी निर्दोष ठरल्यासारखे वाटले. मात्र त्या चाचणीतील रुग्णांचा दमा सौम्य होता. शिवाय २००३ मधील अभ्यासात हे औषध दिल्यावरही श्वासनलिकेच्या ऊतकात जवळपास निम्म्या पेशी उरल्याचे दिसले. २००९ मध्ये बेडक्यात इओसिनोफिल टिकून असलेले रुग्णच निवडून हे औषध दिल्यावर दम्याचे तीव्र झटके स्पष्टपणे कमी झाले. यावरून ही पेशी रोजच्या धापेपेक्षा येऊ घातलेल्या झटक्याची खूण आहे, हे मत अधिक ग्राह्य वाटते. एका सेकंदात जोराने सोडलेल्या हवेच्या मापाशी तिचा संबंध क्षीणच आढळतो.

बेडक्याची तपासणी कष्टाची आहे. रुग्णाला आधी श्वासनलिका रुंदावणारे औषध देऊन तीव्र मिठाच्या पाण्याचे सूक्ष्म तुषार हुंगवतात व मधूनमधून फुंकर मोजतात. लाळेतून घट्ट गोळे चिमट्याने वेगळे करून डायथायोथ्रीटॉलने विरघळवतात आणि काचपट्टीवर पसरून रंगवलेल्या सुमारे ४०० पेशी मोजतात. इओसिनोफिल २ ते ३ टक्क्यांहून अधिक असल्यास दमा इओसिनोफिली समजतात. अशा रुग्णांना स्टेरॉइडचा गुण सहसा चांगला येतो, हे डर्बीच्या मॉरो ब्राऊन यांनी १९५८ मध्येच नोंदले होते. न्यूट्रोफिल या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी जास्त असलेल्या दम्यात तो कमी येतो. तथापि स्टेरॉइडमुळे न्यूट्रोफिल अधिक काळ जगत असल्याने ती वाढ रोगाची की उपचाराची, हे सांगणे अवघड असते.

ही सोय थोड्याच ठिकाणी असल्याने व्यवहारात रक्तातील गणना (घनमिलिमीटरला १५० किंवा ३०० ही प्रचलित सीमा) आणि उच्छ्वासातील नायट्रिक ऑक्साइड यांवर भिस्त ठेवतात. धूम्रपानाने नायट्रिक ऑक्साइडचा आकडा घटतो. रक्तातील गणना दिवसाच्या वेळेनुसार बदलते व स्टेरॉइडच्या गोळ्यांनी झपाट्याने उतरते.

भारतात जंत व हत्तीरोग यांमुळेही ही गणना वाढते. मदनपल्ले येथील क्षयरुग्णालयातून १९४० मध्ये फ्रिमॉट-मोलर व बार्टन यांनी क्षयासारख्या भासणाऱ्या इओसिनोफिली विकाराचे वर्णन केले; तो पुढे हत्तीरोगाच्या कृमींशी जोडला गेला. रात्रीचा खोकला व धाप यांमुळे तो दमाच वाटतो. परंतु गणना बहुधा ३,००० च्या वर असते आणि तो डायएथिलकार्बामाझिन या हत्तीरोगावरील औषधाने हटतो. पूर्व विदर्भासारख्या हत्तीरोगाच्या पट्ट्यात म्हणून केवळ रक्ताच्या आकड्यावरून दम्याचा प्रकार ठरवत नाहीत.